ड्यूटी फ्री: कुणाच्या वेशीवरची माफी?

दुबई विमानतळावर मुंबईच्या गेटकडे निघालेला कुणीही बघा. पाठीवर सॅक, एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात दुकानाची पारदर्शक, तोंड चिकटवलेली पिशवी. पिशवीत लिटरच्या दोन बाटल्या, सिगारेटचं एक कार्टन आणि वर मुलांसाठी चॉकलेटचा डबा. माणूस खुशीत असतो. दुकानाच्या पाटीवर ‘ड्यूटी फ्री’ लिहिलेलं होतं, त्यामुळे कराचा विषय त्याच्या हिशेबी तिथेच संपलेला असतो.

प्रत्यक्षात तो अर्धाच संपलेला असतो. दोन बाटल्या मुंबईत बिनघोर पार होतील. कार्टनचं मात्र तसं नाही. कार्टनमध्ये 10 पाकिटं, पाकिटात 20, म्हणजे 200 सिगारेटी. भारतात एका प्रवाशाला माफ आहेत 100. ही मर्यादा आधी 200 होती, 2014 मध्ये ती निम्म्यावर आली. जगभरच्या विमानतळांवर कार्टन मात्र 200 चंच विकलं जातं.

यात दुकानदाराने फसवलेलं नाही. दुकानाच्या पाटीवरची ड्यूटी एका देशाची आणि मुंबईत कस्टमवाले मागतात ती दुसऱ्या देशाची. पहिलीची माफी मिळाली म्हणून दुसरीची मिळत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात.

दोन वेशींच्या मधला पट्टा

मुंबईकरांना जकात नाका आठवत असेल. दहिसरला, मुलुंडला ट्रकच्या रांगा लागायच्या. 2017 मध्ये जीएसटी आला आणि नाके गेले. ती जकात मालाच्या जन्माबरोबर त्याला चिकटलेली नव्हती, माल वेशीच्या आत शिरला की लागत होती. सीमाशुल्काचं तत्त्व तेच, फक्त वेस गावाची नाही, देशाची.

आता विमानतळाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इमिग्रेशनचा शिक्का बसला की तुम्ही कागदोपत्री देशाबाहेर पडलेले असता. पाय मात्र अजून त्याच इमारतीत असतात. या पट्ट्यात ड्यूटी फ्रीचं दुकान असतं. दुकानातला परदेशी माल बंदरातून किंवा कार्गोतून येतो तो थेट सीमाशुल्क खात्याच्या नजरेखालच्या गोदामात जातो. या गोदामाला व्यापारी लोक ‘बॉन्ड’ म्हणतात. तिथे आलेल्या, दुकानात गेलेल्या आणि विकलेल्या प्रत्येक खोक्याची नोंद ठेवावी लागते. माल बॉन्डमधून दुकानात आणि दुकानातून प्रवाशाच्या हाती जातो. देशाच्या बाजारात तो शिरतच नाही, म्हणून त्याच्यावर आयात कर नाही. म्हणूनच दुकानदार विकण्याआधी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट मागतो. तुम्ही खरंच वेशीबाहेर जाणारे आहात, याचा पुरावा त्याला ठेवावा लागतो.

हा पट्टा देशात धरायचा की बाहेर, हा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बेंगळुरू विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानांतल्या विक्रीवर राज्याने विक्रीकर मागितला. दुकानं भारत सरकारच्याच पर्यटन महामंडळाची होती. माल सीमाशुल्काची हद्द ओलांडून देशात आलेलाच नाही, तेव्हा या विक्रीवर राज्याला कर घेता येणार नाही, असा निकाल 2012 मध्ये लागला. जमीन कर्नाटकाची आणि व्यवहार वेशीबाहेरचा! ड्यूटी फ्रीचं सगळं गणित या एका कल्पनेवर उभं आहे.

शॅननची युक्ती

ही कल्पना आयर्लंडमधली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना एका दमात अटलांटिक ओलांडता येत नसे. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला शॅनन इथे ती इंधन भरायला उतरत. तेवढा वेळ प्रवासी खाली उतरून बसत. खिशात पैसे असत, पण करण्यासारखं काही नसे. विमानतळाच्या खानपानाची व्यवस्था ब्रेंडन ओ’रेगन यांच्याकडे होती. हे प्रवासी आयर्लंडमध्ये आलेलेच नाहीत, मग आयर्लंडचा कर त्यांनी का द्यावा, या विचारातून 1947 मध्ये आयर्लंडने कायदा केला आणि जगातलं पहिलं ड्यूटी फ्री विमानतळ उभं राहिलं.

पुढे विमानांचा पल्ला वाढला आणि शॅननला उतरायची गरज उरली नाही. दुकानाची युक्ती मात्र जगभर पसरली. डिसेंबर 1983 मध्ये दुबईत ड्यूटी फ्री सुरू झालं, तेव्हा ते उभं करायला आयर्लंडमधलीच मंडळी आली होती. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कोकणातल्या माणसाच्या सुटकेसमध्ये पुढची चाळीस वर्षं जे चॉकलेट, सेंट आणि टँगचे डबे आले, त्यातल्या बऱ्याच मालाचं मूळ त्या अटलांटिक काठच्या युक्तीत सापडेल.

एक उलटं उदाहरणही बघण्यासारखं आहे. युरोपीय संघातल्या देशांनी आपसातल्या वेशी काढून टाकल्या, तेव्हा 1 जुलै 1999 पासून त्या देशांमधल्या प्रवासात ड्यूटी फ्रीही बंद झालं. पॅरिसहून रोमला जाणाऱ्याला ते मिळत नाही. वेस गेली की माफीही जाते.

चिकटवलेली पिशवी

2006 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेण्यावर बंदी आली. लिटरची बाटली तरीही विमानात नेता येते, कारण ती सुरक्षा तपासणी झाल्यानंतरच्या दुकानातून घेतलेली असते आणि चिकटवलेल्या पिशवीत असते. पिशवी उघडली तर लगेच दिसावं अशी तिची बनावट असते. पावती पिशवीच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी ठेवतात.

घोटाळा होतो तो मधे विमान बदलायचं असेल तेव्हा. न्यूयॉर्कला बाटली घेतली, वाटेत कुठेतरी पुन्हा सुरक्षा तपासणी झाली आणि पिशवी फाटलेली निघाली, तर बाटली तिथेच ठेवावी लागते. म्हणून शेवटच्या मुक्कामापर्यंत पिशवी उघडायची नाही. मुंबईत उतरून पुढे देशांतर्गत विमानाने जायचं असेल, तर कस्टममधून बाहेर आल्यावर बाटल्या कपड्यांत नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकाव्यात. 70 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय तर विमानात कुठल्याच सामानात चालत नाही.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे परतताना खरेदी मुंबईत उतरल्यावर करायची. बॅगा घेण्याच्या पट्ट्याजवळ आपल्याकडे ‘अरायव्हल’चं दुकान असतं. युरोपातल्या कितीतरी विमानतळांवर ते नसतं. ओझं वाहावं लागत नाही, पिशवी फाटण्याची भीती नाही. पण इथे घेतलेली बाटली आणि दुबईहून आणलेली बाटली, दोन्ही एकाच मर्यादेत मोजल्या जातात. दोन लिटर तिकडून आणि दोन लिटर इथून, असं चालत नाही.

हिरवा रस्ता, लाल रस्ता

बॅगा घेतल्यावर दोन वाटा फुटतात. हिरवी पाटी आणि लाल पाटी. हिरव्या वाटेने जाणं हे तोंडातून शब्द न काढता दिलेलं निवेदन असतं: माझ्याकडे कर लागेल असं काही नाही. त्यानंतर बॅग उघडायला लावली आणि मर्यादेबाहेरचा माल निघाला, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर लंगडं पडतं. लाल वाट म्हणजे ‘माझ्याकडे काहीतरी आहे, बघा आणि सांगा’. या वाटेने गेल्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही. अगोदर घोषणा करायची असेल तर सीमाशुल्क खात्याचं ‘अतिथी’ नावाचं मोबाइल अॅप आहे.

मग काय आणलेलं चालतं? पहिला वर्ग वापरातल्या वस्तूंचा. अंगावरचे कपडे, वापरता फोन, चष्मा, प्रसाधनं यांचा हिशेब होत नाही. 18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप यापलीकडे माफ आहे.

दुसरा वर्ग नव्या वस्तूंचा. भेटी, घड्याळ, कॅमेरा, सेंट, नवा फोन. यांच्या किमतीवर मर्यादा आहे. ती 2012 मध्ये 25 हजारांवरून 35 हजार झाली, 2014 मध्ये 45 हजार आणि 2016 च्या नियमांत 50 हजार. त्यानंतर तब्बल दहा वर्षं ती हलली नाही. या काळात चांगला फोन लाखाच्या घरात गेला. 2 फेब्रुवारी 2026 पासून नवे बॅगेज नियम लागू झाले आणि भारतात राहणाऱ्यासाठी ती 75 हजार रुपये झाली. परदेशातून फिरायला येणाऱ्या मूळ भारतीयालाही हाच आकडा लागू आहे. परदेशी पर्यटकाला 25 हजार.

दोन वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर त्याच्या नावावर फक्त त्याचं वापरातलं सामान येतं. बाळाच्या वाट्याचे 75 हजार आईबाबांच्या कॅमेऱ्यात धरता येत नाहीत.

हिशेब एकदा मांडून पाहू

समजा, तुम्ही 90 हजार रुपयांचं नवं घड्याळ आणलं, बाकी काही नाही. 75 हजार माफ. उरलेल्या 15 हजारांवर कर. सामानावरचा दर 35 टक्के, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के. 15 हजारांवर 5,775 रुपये. लाल वाटेने जायचं, बिल दाखवायचं, अधिकारी परकी चलनातली किंमत सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेल्या दराने रुपयांत मांडतो, कार्डने पैसे भरायचे, पावती घ्यायची. बिल नसेल तर किंमत अधिकारी ठरवतो आणि ती सहसा आपल्या अंदाजापेक्षा वरच असते.

आता दुसरी गोष्ट. नवरा-बायको दोघं आले, एकच कॅमेरा, किंमत 1 लाख 20 हजार. दोघांचे मिळून दीड लाख माफ आहेत, मग कर कशाला, असा हिशेब मनात येतो. तो चुकीचा. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. कॅमेरा एकाचाच, म्हणून सवलत 75 हजारच. उरलेल्या 45 हजारांवर 17,325 रुपये कर. त्याऐवजी दोघांनी साठ-साठ हजारांच्या दोन वेगळ्या वस्तू आणल्या असत्या, तर एक पैसा लागला नसता. घरातल्या खरेदीचं नियोजन करताना हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

सवलतीत न बसणारा माल

काही वस्तूंना ही किमतीची सवलत मिळतच नाही किंवा ठरावीक मापापर्यंतच मिळते, त्यांची यादी वेगळी आहे. दारू, मग ती व्हिस्की असो की बिअर, दोन लिटरपर्यंत. मोजमाप द्रवाचं आहे, नशेचं नाही. 750 मिलिलिटरच्या तीन बाटल्या घेतल्या की सव्वादोन लिटर होतात आणि हद्द ओलांडली जाते. म्हणून तर ड्यूटी फ्रीच्या फळीवर लिटरच्या बाटल्या जास्त दिसतात. सिगारेट 100, किंवा सिगार 25, किंवा तंबाखू 125 ग्रॅम. ‘किंवा’ महत्त्वाचं, तिन्ही एकदम नाही. दोन लिटरच्या वरच्या दारूला 38.5 टक्क्यांचा दर लागू होत नाही, तिच्यावरचा कर त्याहून कितीतरी जड असतो.

सपाट पडद्याचा टीव्ही हे यादीतलं सगळ्यात गंमतीदार नाव. 2013 मध्ये रुपया घसरत होता आणि दुबई-बँकॉकहून येणाऱ्या विमानांच्या पोटात टीव्हीची खोकी भरून येत होती. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर सरकारने टीव्हीची माफी काढून घेतली. तेव्हापासून टीव्ही कितीही स्वस्त असो, पहिल्या रुपयापासून कर लागतो.

काही वस्तूंना तर वाटच नाही. ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर 2019 पासून. परवानगी नसलेला उपग्रह फोनही जप्त होतो.

आणि एक वेस विमानतळाच्या बाहेर असते. आखातातून विमानाने नागपूरला उतरून माणूस दोन बाटल्या घेऊन गाडीने वर्ध्याला निघाला, तर सीमाशुल्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. पण वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. केंद्राची माफी राज्याच्या वेशीवर चालत नाही.

सोनं: सगळ्यात जास्त गैरसमज

एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला 40 ग्रॅम आणि इतरांना 20 ग्रॅम दागिने बिनकराचे आणता येतात. पंधरा दिवसांच्या सहलीवरून येणाऱ्याला ही सवलत नाही. 2016 च्या नियमांत याला किमतीचीही अट होती: 40 ग्रॅमला एक लाख, 20 ग्रॅमला पन्नास हजार. म्हणजे ग्रॅमला अडीच हजार रुपये! सोनं त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलं आणि वजनाची सवलत नावापुरती उरली. 2026 मध्ये किमतीची अट काढून फक्त वजन ठेवलं, हा नव्या नियमांतला सगळ्यात शहाणा बदल.

ही सवलत दागिन्यांना आहे. नाणं, बिस्किट यांना ती नाही. किमान सहा महिने परदेशात राहिलेल्या भारतीयाला एक किलोपर्यंत सोनं सवलतीचा कर भरून आणता येतं, पण ते जाहीर करून, पावतीसकट आणि परकी चलनात कर भरून.

घरातले दागिने घालून परदेशी जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. माझी मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला गेली होती. हातात पाटल्या, गळ्यात मंगळसूत्र. परतताना विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, “काकू, पाटल्या तिकडून घेतल्या का?” मावशी म्हणाली, “अहो, लग्नातल्या आहेत.” पुरावा काय? बाहेर थांबलेल्या काकांना फोन लावला. त्यांनी घरी असलेल्या मुलाला कपाट उघडायला लावलं आणि लग्नाच्या अल्बममधला फोटो व्हॉट्सअॅपवर आला. काळ्यापांढऱ्या फोटोत, हळदीच्या हातांवर त्याच पाटल्या. अधिकारी हसला आणि मावशी बाहेर आली. अर्धा तास गेला, घाम फुटला तो वेगळा.

यावर उपाय आहे. मोठे दागिने घेऊन जाणार असाल, तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क कक्षात ते दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. सगळे त्याला ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट’ म्हणतात. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून वजन-किमतीचा दाखला आणि फोटो बरोबर असले की काम लवकर होतं. परतताना हा कागद दाखवला की प्रश्न मिटतो. महागडा कॅमेरा नेणाऱ्यांनाही हेच लागू. त्यासाठी विमानतळावर तासभर लवकर पोचावं.

उलट दिशेची वेस

आतापर्यंत येण्याची बाजू पाहिली. जातानाही दुसऱ्या टोकाला एक वेस असते आणि तिथले नियम आपल्या स्वयंपाकघराला ओळखत नाहीत. अनारशावर खसखस लावल्याशिवाय आपली दिवाळी होत नाही. पण खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. दुबईतल्या लेकीला दिवाळीचा फराळ पाठवायचा असेल तर अनारसे वगळायचे. बाकी चकली-चिवडा खुशाल जाऊ दे.

आंब्याचंही तसंच. अमेरिकेने 1989 मध्ये भारतीय आंब्याला दार बंद केलं आणि 2007 मध्ये ते उघडलं, ते विकिरण केलेल्या आंब्यासाठी. त्यासाठी लासलगावच्या केंद्राचा उपयोग झाला. पण हा रस्ता निर्यातदाराच्या पेटीचा. देवगडच्या बागेतला हापूस हातातल्या पिशवीतून घेऊन जाणाऱ्या प्रवाशाचा आंबा तिथे कचऱ्याच्या डब्यात जातो. ब्रिटन आणि युरोपीय संघ दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात येऊ देत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे त्यात आले. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची वस्तू लपवणं हाच मोठा गुन्हा. तिथे फॉर्मवर ‘हो’ लिहून वस्तू गमावणारा फुकट सुटतो, ‘नाही’ लिहिणारा दंड भरतो.

लेखाच्या सुरुवातीचं ते कार्टन घेऊन वेगवेगळ्या वेशींवर उभे राहा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये 200 सिगारेटी चालतात. भारतात 100. ऑस्ट्रेलियात 25. सिंगापूरमध्ये एकही माफ नाही. दारूचंही तसंच, भारतात दोन लिटर तर अमेरिकेत एक, तीही 21 वर्षांवरच्याला. माल तोच, दुकान तेच, पावतीही तीच.

रोख पैशाचा नियम सगळ्यांना माहीत असावा. 5,000 डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा ट्रॅव्हलर्स चेक धरून 10,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेऊन भारतात येताना ती जाहीर करावी लागते. भारतीय नोटा 25 हजार रुपयांपर्यंत. जाहीर केल्याने त्यावर कर लागत नाही, पण लपवलं तर प्रकरण वाढतं.

स्वस्त असतं का?

दारू आणि तंबाखूच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथे बचत खरी असते. महाराष्ट्रात परदेशातून आलेल्या स्कॉचवरचं उत्पादन शुल्क नोव्हेंबर 2021 पर्यंत 300 टक्के होतं, मग ते 150 टक्के झालं. त्याआधी केंद्राचा आयात कर लागतो तो निराळा. हा सगळा डोलारा ड्यूटी फ्रीच्या बाटलीवर नसतो.

चॉकलेट, गॉगल, फोन यांचं असं नाही. कर मुळातच कमी असेल तर सुटणारी रक्कमही छोटी, आणि विमानतळावरच्या दुकानाचं भाडं मोठं. ते भाडं गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातं. म्हणून फोन घेण्याआधी पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या दुकानाची किंमत पाहून ठेवावी. ‘फक्त विमानतळावर मिळणारा’ चॉकलेटचा मोठा डबा घेताना ग्रॅमचा भाव काढावा.

टॅक्स रिफंड ही आणखी वेगळी चीज. त्यात शहरातल्या दुकानात कर भरून वस्तू घ्यायची आणि देश सोडताना तो परत मागायचा. वस्तू दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इन बॅगेत टाकण्याआधी रिफंडचं काम उरकावं. ब्रिटनने 2021 पासून पर्यटकांसाठीची ही सोय बंद केली. लंडनच्या दुकानात जुन्या आठवणीवर विसंबू नये.

चुकलंच तर

चूक झाली तर लगेच तुरुंग नसतो. 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. कर लागणारी किंवा आणायला मनाई असलेली वस्तू प्रामाणिकपणे जाहीर केली, तर ती सीमाशुल्क खात्याकडे पावती घेऊन ठेवता येते आणि देश सोडताना परत नेता येते. थोड्या दिवसांसाठी भारतात येणाऱ्यांना ही सोय उपयोगी पडते. जाहीर न करता पकडलं गेल्यास मात्र वस्तू जप्त होऊ शकते, ती सोडवायला वेगळी रक्कम आणि वर दंड असा हिशेब होतो आणि सोन्याच्या बाबतीत प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकतं.

तेव्हा परदेशातल्या ड्यूटी फ्रीच्या काउंटरवर उभं राहिल्यावर पाटीवरच्या अक्षरांआधी आपण कुठे उतरणार आहोत ते आठवा. दोन लिटर, शंभर सिगारेटी, पंचाहत्तर हजार रुपये: मुंबईच्या वेशीचे हे तीन आकडे खिशात असू द्या आणि बिलं फेकू नका. एवढं करूनही शंका राहिलीच, तर लाल पाटीखाली जा. 90 हजारांच्या घड्याळावर तिथे 5,775 रुपये लागतात. हिरव्या वाटेवर पकडलं गेलं तर अख्खं घड्याळ पणाला लागतं.